डार्कथ्रोनचे तीन अल्बम आणि चार मित्रांचा वाद

‘आम्ही चौघे मित्र. डार्कथ्रोनच्या “अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय”, “अंडर अ फ्युनरल मून” आणि “ट्रान्सिल्वेनियन हंगर” यांतला सर्वांत चांगला अल्बम कोणता, यावर वर्षभर वाद चाललाय. तिघांनी एकेक अल्बम वाटून घेतलाय. माझी अडचण अशी की मला तिन्ही जवळपास सारखेच ऐकू येतात. सगळीकडे तीच खरखर, तोच वेग, तेच ओरडणं. आम्ही बहुतेक वेळा छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकतो. येत्या रविवारी एकत्र बसून निकाल लावायचं ठरलंय. कसं ऐकावं? मला एक एलपीही घ्यायची आहे, ती कोणती घेऊ? आणि एक मित्र म्हणतो की “हंगर” घरात ठेवूच नये. का, ते मात्र तो नीट सांगत नाही.’
— एक वाचक, नाशिक

तुमच्या कानात काही कमी नाही. कमी आहे ती स्पीकरमध्ये, आणि थोडी ऐकण्याच्या पद्धतीत. निकालाचं नंतर बघू. आधी हे तीन अल्बम तुम्हाला वेगवेगळे ऐकू यायला हवेत.

रविवारी तो ब्लूटूथ स्पीकर बाजूला ठेवा. एवढ्याशा डब्यातून भरदार आवाज निघावा म्हणून त्यात आतल्या आतच खालचे सूर फुगवलेले असतात आणि आवाज वाढवला की सगळं दाबून एका पातळीवर आणलेलं असतं. ज्या गाण्यात गायकाचा गळा मधोमध सुटा ऐकू येतो, तिथे हे खपून जातं. इथे गिटारची धार, सिंबलचा (ढोलांसोबतच्या झांजांचा) झणझणाट आणि गायकाचं घोगरं ओरडणं हे सगळं वरच्या-मधल्या पट्टीत एकमेकांना चिकटून उभं आहे. ते दाबलं की उरतो फक्त एक सलग ‘श्श्श’. तुम्ही ज्याला तिन्हीकडची खरखर म्हणताय, तिचा बराचसा भाग त्या डब्यानं तयार केलेला आहे. साधे वायरवाले हेडफोन किंवा घरातले जुने दोन स्पीकर आणि अँप्लिफायर पुरेसे आहेत. इक्वलायझर सपाट ठेवा, बेस बूस्ट बंद करा.

फाइल कुठून घेता तेही बघा. कमी बिटरेटची फाइल या संगीताचं जितकं नुकसान करते तितकं क्वचितच दुसऱ्या कशाचं करत असेल. फाइल लहान करताना जे कानाला जाणवणार नाही ते काढून टाकायचं, हे त्या तंत्राचं गणित असतं. पण सलग वाजणारं सिंबल आणि डिस्टॉर्शनची गिटार हे जवळजवळ गोंगाटासारखे आवाज आहेत, आणि गोंगाटात काढून टाकण्यासारखं फारसं काही नसतं. मग सिंबल पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडतात. कोणीतरी व्हिडिओ साइटवर चढवलेली जुनी प्रत वापरू नका. तिन्ही अल्बम एकाच ठिकाणाहून, एकाच दर्जात घ्या. एकाची एलपी, दुसऱ्याची सीडी आणि तिसऱ्याचा व्हिडिओ अशी तुलना केलीत, तर तुम्ही अल्बमची नव्हे, माध्यमांची तुलना करत असाल.

तिसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची, आणि ही सर्वांत महत्त्वाची. दोन रेकॉर्डिंगमध्ये एक-दोन डेसिबलचाही फरक असला तरी मोठं वाजणारं कानाला ‘चांगलं’ वाटतं. ऐकणाऱ्याला ते मोठं आहे हे कळतही नाही, त्याला वाटतं की यात जास्त जोर आहे. वेगवेगळ्या काळातल्या आवृत्त्यांची पातळी सारखी नसते. फोनवर आवाज मोजायचं अॅप घ्या, फोन तुम्ही बसता त्या जागी ठेवा, प्रत्येक अल्बममधला भर वेगाचा अर्धा मिनिट वाजवा आणि आकडा जुळेपर्यंत आवाज कमी-जास्त करा. असं अॅप खरा आकडा अचूक सांगेलच असं नाही, पण तोच फोन त्याच जागी असेल तर तुलनेला तो पुरतो. ७५ च्या आसपास ठेवा, ८० च्या पुढे नेऊ नका. प्रत्येक अल्बमसाठी बटण कुठे होतं ते कागदावर लिहून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. हे तिन्ही अल्बम खरखरीत आहेत हे खरं, पण तिघांची खरखर वेगवेगळ्या कारणांनी आली आहे. ती कारणं कळली की अल्बम आपोआप वेगळे होतात.

डार्कथ्रोन हा नॉर्वेतल्या ऑस्लोच्या दक्षिणेला लागून असलेल्या कोल्बोत्नचा ब्लॅक मेटल बँड. त्यांचा पहिला अल्बम ‘सोलसाइड जर्नी’ १९९१ च्या सुरुवातीला आला. तो स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता आणि तो सरळसरळ डेथ मेटल होता: गुंतागुंतीचा, क्षणाक्षणाला चाल बदलणारा. त्याच धाटणीची पुढची गाणीही तयार होती. त्यांची तालमीतली मुद्रणं नंतर, १९९६ मध्ये, ‘गोटलॉर्ड’ या नावानं बाहेर आली. मधल्या काळात ढोल वाजवणारा फेनरिझ, गायक-गिटारवादक नॉक्टर्नो कुल्टो आणि गिटारवादक झेफिरस या तिघांनी दिशाच बदलली आणि ब्लॅक मेटल धरलं. बेस वाजवणारा डाग निल्सेन याला हे वळण पटलं नाही. ‘ब्लेझ’मध्ये बेस त्यानंच वाजवला, पण पाहुण्यासारखा, आणि मग तो निघून गेला.

‘ब्लेझ’चं मुद्रण ऑगस्ट १९९१ मध्ये कोल्बोत्नच्याच क्रिएटिव्ह स्टुडिओत झालं आणि तो १९९२ च्या फेब्रुवारीत आला. पीसविल ही त्यांची ब्रिटिश कंपनी डेथ मेटलची वाट पाहत होती. हे ऐकून ती नाराज झाली. तेव्हा बँडनं सांगितलं की तुम्ही काढणार नसाल तर आम्ही तो मेहेम या नॉर्वेजियन बँडचा गिटारवादक युरोनिमस याच्या कंपनीकडून काढू. पीसविलनं तो आहे तसा काढला. ही हकीकत सांगायचं कारण असं की ती अल्बमात ऐकू येते. इथे वाजवणारे हात डेथ मेटलवर घडलेले आहेत आणि ते मुद्दाम साधं वाजवायला निघाले आहेत. म्हणून ढोलकाम अजून भरलेलं आहे, लय अजून मोडते, एका गाण्यात तीन-चार वेगळ्या चाली येतात. ‘पॅरागॉन बेलियल’मध्ये जुन्या धाटणीचे रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, स्पष्ट दिसतात. पहिलं गाणं ‘कथारियन लाइफ कोड’ साडेदहा मिनिटांच्या वर आहे, आणि त्यातले सगळे सांधे मोजत गेलात तर हा अल्बम अर्धा समजला. ‘इन द शॅडो ऑफ द हॉर्न्स’च्या सुरुवातीचा जड, चालत येणारा रिफ हे सेल्टिक फ्रॉस्ट या स्विस बँडचं ऋण आहे. ते त्यांनी कधी लपवलं नाही. इथली खरखर म्हणजे नीट चालणाऱ्या स्टुडिओत, नीट वाजवणाऱ्या लोकांनी गिटारच्या आवाजातलं मांस काढून टाकल्यामुळे आलेली खरखर. खोली मात्र मोठी वाटते, ढोलाला घुमारा आहे.

‘अंडर अ फ्युनरल मून’ जून १९९२ मध्ये त्याच स्टुडिओत मुद्रित झाला आणि १९९३ मध्ये आला. स्टुडिओ तोच, माणसं बहुतेक तीच, मध्ये वर्षही पूर्ण गेलेलं नाही. तरी आवाज किती बदलला ते ऐका. गिटार आता पातळ आणि गारठलेली आहे, बंद खोलीत अडकलेल्या गांधीलमाशीसारखी. गायकाचा आवाज मागे ढकललाय. डेथ मेटलचा उरलासुरला अंश पुसला गेलाय. बेसही आता नॉक्टर्नो कुल्टोनंच वाजवलाय. यंत्रं तीच असताना आवाज असा निघाला, म्हणजे ही खरखर निवडलेली आहे. ‘पैसे नव्हते म्हणून असं वाजतं’ असं तुमच्यापैकी कोणी म्हणत असेल, तर त्याला हे दोन अल्बम लागोपाठ ऐकवा. ‘टू वॉक द इन्फर्नल फील्ड्स’ हे जवळजवळ आठ मिनिटांचं संथ गाणं मध्ये बसवलंय. त्याच्यामुळे आजूबाजूची वेगवान गाणी वेगवान वाटतात. झेफिरस असलेला हा शेवटचा अल्बम.

आणि ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’. १९९३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, स्टुडिओ सोडून, घरगुती चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर. सगळी वाद्यं एकट्या फेनरिझनं वाजवली आणि नॉक्टर्नो कुल्टोनं फक्त गायलं. स्टुडिओत ढोलाच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र माइक आणि स्वतंत्र ट्रॅक देता येतो, मग मिक्स करताना स्नेअर वर, सिंबल खाली असं हवं ते करता येतं. एकूण चारच ट्रॅक असतील तर ढोल एकाच ढिगात जमा होतात. नंतर त्यातलं काही वेगळं काढता येत नाही. म्हणून ढोल इथे वाद्यापेक्षा पार्श्वभूमी होतात. फेनरिझनं ही मर्यादा ओळखून वाजवणंच बदललं. त्यानं वेग एकदा धरला की जवळपास गाणंभर सोडला नाही. तबलजी ठेका धरून बसतो आणि गवय्याला मोकळीक देतो, तसा हा ठेका आहे. वर गिटार ट्रेमोलो पिकिंगनं, म्हणजे एकच तार वर-खाली सतत छेडत, दोन-चार छोट्या स्वरवाक्यांत फिरत राहते. शीर्षकगीत सहा मिनिटांचं आहे आणि त्यातले रिफ एका हाताच्या बोटांवर मावतात. काही मिनिटांनी कान ढोल ऐकणं सोडून देतो आणि मग गिटारमधला एका सुराचा बदलही मोठा वाटायला लागतो. ‘सगळं सारखंच वाजतं’ ही तुमची तक्रार या अल्बमपुरती बरोबर निरीक्षण आहे. ते सारखेपण हीच त्याची रचना आहे. पंधरा सेकंद ऐकून पुढे सरकवणाऱ्याला त्यातलं काहीच हाती लागणार नाही.

आता रविवारची आखणी. तिन्ही अल्बम मिळून दोन तासांचे आहेत: ‘ब्लेझ’ सुमारे ४२ मिनिटं, ‘फ्युनरल मून’ ४०, ‘हंगर’ ३९. ते ओळीनं ऐकलेत तर तिसऱ्याची वेळ येईपर्यंत वरच्या पट्टीला कान बधिर झालेले असतील आणि जो शेवटी वाजेल त्याच्यावर अन्याय होईल. बहुतेकांच्या वादात हीच चूक होते. आणखी एक चूक त्याहून जुनी असते: जो अल्बम आपण आयुष्यात आधी ऐकला, तोच आपलं माप होऊन बसतो. ती टाळता येत नाही. पण चौघांनी सुरुवातीलाच आपण कोणता आधी ऐकला ते कागदावर लिहिलं, तर निदान ती समोर राहते.

सुरुवात तीन शीर्षकगीतांनी करा. तिन्ही अल्बमना स्वतःच्या नावाचं गाणं आहे, आणि तिन्ही मिळून सोळा-सतरा मिनिटंच होतात. पहिल्या फेरीत फक्त ढोल ऐका आणि लय किती वेळा बदलते त्याच्या रेघा ओढा. दुसऱ्या फेरीत गिटार ऐका आणि नवा रिफ आला की रेघ ओढा. तिसऱ्या फेरीत गायकाचा आवाज वाद्यांच्या पुढे आहे, मध्ये आहे की मागे, एवढंच लिहा. बोलायचं नाही. ज्याला सगळं सारखं ऐकू येतं, त्याला मोजण्यानं सर्वांत जास्त मदत होते, कारण कान कुठे न्यायचा ते ठरतं. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा, चहा घ्या, खिडकी उघडा.

दुसऱ्या भागात संथ गाणी घ्या: ‘इन द शॅडो ऑफ द हॉर्न्स’ आणि ‘टू वॉक द इन्फर्नल फील्ड्स’. तिसरा जोडीदार शोधायला ‘हंगर’कडे जाल तेव्हा या दोघांच्या तोडीचं संथ गाणं मिळणार नाही. ते टिपून ठेवा, उगाच ओढूनताणून काही लावू नका. जो अल्बम मुळातच चढउतार नाकारतो, त्याला चढउताराचे गुण देणं किंवा कापणं दोन्ही चूक आहे.

शेवटी ‘हंगर’ची पहिली चार गाणी न थांबता ऐका. साधारण अठरा मिनिटं लागतात. फोन दूर ठेवा, आवाज थोडा कमी केलात तरी चालेल. हा अल्बम कमी आवाजात उलट जास्त उलगडतो, कारण सिंबलचा काटा बोथट होतो आणि खालची स्वरावली वर येते. बहुतेक गाणी नॉर्वेजियनमध्ये आहेत. शब्द कळले नाहीत म्हणून अडत नाही, पण ‘ओव्हर फ्येल ओग येनोम तॉर्नेर’ म्हणजे ‘डोंगरांवरून आणि काट्यांतून’ एवढं माहीत असलं तरी गाण्याचा रंग कळतो.

तुमच्या मित्राची हरकत. ती नीट समजून घ्यायला हवी, कारण ती खरी आहे. या अल्बमच्या पहिल्या आवृत्तीच्या मागच्या बाजूला ‘नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल’ अशा अर्थाची ओळ छापलेली होती. प्रकाशनाच्या वेळी बँडनं दिलेल्या निवेदनात टीका करणाऱ्यांच्या वागण्याला ‘ज्यू’ हे विशेषण शिवीसारखं लावलं होतं. त्यावर गदारोळ झाला, पीसविलनं जाहीरपणे हात झटकले, बँडनं माफी मागितली आणि पुढच्या आवृत्त्यांतून ती ओळ गेली. पुढच्या ‘पान्झरफाउस्ट’ अल्बममध्ये आपण नाझी किंवा राजकीय बँड नाही असं त्यांनी छापलं. दुसरी गोष्ट: शेवटच्या चार गाण्यांचे शब्द वार्ग विकर्नेस या दुसऱ्या नॉर्वेजियन ब्लॅक मेटल संगीतकाराचे आहेत. त्यानं ऑगस्ट १९९३ मध्ये युरोनिमसचा खून केला होता आणि मे १९९४ मध्ये त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे या अल्बमचं मुद्रण त्या खुनानंतरचं आहे, आणि शब्द कोणाचे घेतोय हे बँडला माहीत होतं. माफी मागितली गेली हे खरं, आणि मुळात ते छापलं गेलं हेही खरं. मित्राला हा अल्बम घरात नको असेल तर त्याच्यावर दबाव आणू नका. त्या अठरा मिनिटांत त्यानं बाहेर बसावं आणि त्या अल्बमपुरतं त्याचं मत रिकामं धरावं. हे माहीत नसताना ऐकण्यापेक्षा माहीत असून काय करायचं ते प्रत्येकानं ठरवणं बरं.

एलपी: ‘ब्लेझ’ घ्या. तुमच्यासारख्या, अजून कान तयार होत असलेल्या माणसाला त्यातले लयीचे बदल आणि ढोलाचा घुमारा स्पीकरवर सर्वांत जास्त देतील. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ऑस्लोतल्या आपल्या कायमस्वरूपी प्रदर्शनात हा अल्बम ठेवलाय, एवढं त्याचं तिथल्या संस्कृतीत वजन आहे. पीसविलची नवी आवृत्ती पुरेशी आहे, जुन्या पहिल्या आवृत्तीसाठी भरमसाट पैसे मोजू नका. वापरलेली प्रत घेत असाल तर विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे फोटो आणि लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले आकडे मागा. ते अधिकृत आवृत्तीच्या नोंदीशी जुळले नाहीत तर प्रत बनावट असण्याची शक्यता मोठी. रंगीत एलपी आणि काळी यांत निवड डोळ्यांसाठी करा, आवाजासाठी नव्हे. तुमचा प्लेअर सुटकेसचा, सिरॅमिक कार्ट्रिजचा (सुई धरणाऱ्या भागाचा) असेल तर आधी तो बदला. त्याची सुई बरीच जड बसते आणि वरच्या पट्टीत आवाज फाटतो. आतल्या खाचांमध्ये, म्हणजे प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात, हे सर्वांत जास्त जाणवतं. चांगला प्लेअर असूनही तिथेच सिंबल फुटत असतील तर सुईचा कोन तपासा.

तुम्ही आमचं मतही विचारणार, म्हणून सांगतो: तिघांत वरचा ‘अंडर अ फ्युनरल मून’. ‘ब्लेझ’ अजून कात टाकतोय. ‘हंगर’ ही एकच कल्पना शेवटपर्यंत नेलेली आहे. पुढच्या असंख्य बँडनी तिची नक्कल केली, पण ती एका मनःस्थितीची आहे. ‘फ्युनरल मून’मध्ये आवाज पूर्ण गोठलाय आणि गाणं अजून गाणं आहे, तिथे संथ आणि वेगवान यांचा तोल शेवटपर्यंत टिकतो. या मतावर भांडायला जागा आहे, आणि ‘हंगर’वाला मित्र भांडेलच.

वाद तरीही संपला नाही तर त्यानंतर ‘पान्झरफाउस्ट’ (१९९५) लावा. काही जण त्याला चौथा अभिजात अल्बम मानतात. तिथे पुन्हा सेल्टिक फ्रॉस्टचा जडपणा येतो आणि गायकाचा आवाज वाद्यांवर चढून बसतो, म्हणून तो आधीच्या पातळीच्या बटणावर लावू नका, पुन्हा मोजा. शेवटच्या ‘स्नो ओग ग्रानस्कोग’मध्ये टार्येइ वेसोस या नॉर्वेजियन कवीची बर्फ आणि स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलावरची कविता आहे. ओरडणं नाही. आधीचे तीन अल्बम ऐकल्यावर ते आवर्जून ऐका.

आणि मतं चिठ्ठ्यांवर घ्या. सगळ्या चिठ्ठ्या डब्यात पडेपर्यंत कोणी तोंड उघडू नये, कारण पहिल्यानं बोललेलं वाक्य उरलेल्या तिघांच्या कानात जाऊन बसतं.